केळवण कसें करावें ?

लग्नाची तिथि ठरली, पत्रिका छापून आल्या, कीं वधूच्या घरीं निमंत्रणांस आरंभ होतो. मामी म्हणते, येत्या रविवारीं आमच्याकडे. आत्या म्हणते, आधीं आमच्याकडे. शेजारच्या काकू तर दारांतच दिवस ठरवून जातात. लग्नापूर्वीं वधूस अथवा वरास आप्तेष्टांनीं प्रेमानें जेवूं घालावयाचें, ह्या रीतीस आपण केळवण म्हणतों. गडगनेर हें त्याचेंच दुसरें नांव. तें आतां क्वचित् कानीं पडतें. मुंजीपूर्वीं बटूचेंही केळवण होतें, हें वाचकांस ठाऊक आहेच.

शास्त्रदृष्ट्या केळवण हा संस्कार नव्हे. सोळा संस्कारांत त्याची गणना नाहीं. त्यास मंत्र नाहीं, होम नाहीं. तो निव्वळ लोकाचार आहे. परंतु लोकाचार म्हणून तो हलका, असें मात्र कोणी समजूं नये. आश्वलायन गृह्यसूत्रांत विवाहप्रकरणाच्या आरंभींच सांगितलें आहे कीं, देशोदेशींचे व गांवोगांवचे आचार नाना प्रकारचे असतात, ते विवाहांत पाळावे. आपस्तंबांनीं तर असे आचार स्त्रियांकडून समजून घ्यावे असें म्हटलें आहे. म्हणजे ह्या बाबतींत प्रमाण कोण, तर घरांतील स्त्रिया ! ज्यांनीं ही रीति आजवर चालविली, त्यांनाच ती काळानुरूप सुधारण्याचाही अधिकार आहे. आणि सुधारण्याची वेळ आलेली आहे, असें आमचें नम्र मत आहे.

ही वेळ कां आली, तें सांगतों. पूर्वीं वधू म्हणजे लहान मूल असे. कल्याण येथें १८६५ सालीं जन्मलेल्या यमुनेचें लग्न वयाच्या नवव्या वर्षीं झालें व सासरीं तिचें नांव आनंदी ठेवण्यांत आलें. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें जाऊन १८८६ सालीं वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी त्या ह्याच. नऊ वर्षांच्या मुलीस वर कोणता हवा हें जेथें कोणी विचारीत नसे, तेथें जेवावयास काय हवें हें तरी कोण विचारणार ? पुढें १९२९ चा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून अंमलांत आला आणि मुलीच्या विवाहाची किमान वयोमर्यादा १४ वर्षें झाली. १९७८ च्या दुरुस्तीनें ती १८ झाली. आज ठाणें, कल्याण, डोंबिवलीकडील सुशिक्षित घरांतील वधू बहुधा पंचविशी ओलांडलेली, पदवीधर व मिळवती असते. वधू अशी बदलली. केळवण मात्र अजून त्या नऊ वर्षांच्या मुलीचेंच चाललें आहे. दिवस आपण ठरवितों, पक्वान्न आपण ठरवितों, पाहुणेही आपणच ठरवितों; आणि ती नटून पाटावर येऊन बसते.

ही रीति केवळ आपलीच नाहीं. बंगाल्यांत लग्नापूर्वीं वधूस व वरास ‘आयबुडोभात’ म्हणून जेवण घालतात. अविवाहितपणाचें तें शेवटचें मानाचें जेवण. अमेरिकेंत वधूच्या मैत्रिणी जमून तिला संसारोपयोगी वस्तु देतात. त्यास ‘ब्रायडल शॉवर’ म्हणजे वधूवरील भेटींचा वर्षाव असें नांव आहे. त्याच्या मुळाशीं हॉलंडमधील एक दंतकथा सांगतात : एका कन्येनें गरीब पिठाच्या गिरणीवाल्यास वरलें, म्हणून बापानें हुंडा नाकारला, तेव्हां शेजाऱ्यांनींच भांडींकुंडीं देऊन तिचा संसार उभा केला. कथा खरी असो वा नसो, मर्म ध्यानांत घेण्याजोगें आहे. वधूच्या मनासारखें व्हावें म्हणून आपलीं माणसें पुढें झालीं, हें तें मर्म. आपल्या केळवणाचें मर्मही याहून निराळें नसावें.

आतां आपल्या भागाची स्थिति पाहावी. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून पहिली आगगाडी ठाण्यास आली, पुढल्याच वर्षीं ती कल्याणास पोंचली, आणि ह्या गांवांचें घड्याळ तेव्हांपासून गाडीच्या वेळापत्रकाला बांधलें गेलें. आपली वधू सकाळीं गाडीच्या गर्दींत उभी राहून मुंबईस कामावर जाते व दिवेलागणीनंतर परतते. खरेदी, शिंपी, पत्रिका-वाटप हें सर्व तिच्या सुटीच्या दिवशींच उरकावयाचें असतें. त्यांत दहा-बारा केळवणें आलीं, कीं चार-पांच आठवड्यांत तिला एक रविवार मोकळा मिळत नाहीं. प्रत्येक घरीं गोडधोड, प्रत्येक घरीं “एवढी एक पोळी तरी घेच”. लग्नाच्या दिवशीं मुलगी बोहल्यावर उभी राहते ती पोट बिघडलेल्या, जागरणानें ओढलेल्या चेहऱ्यानें. प्रेमाचा असा भार होऊं नये.

एतदर्थ गृहिणींस आम्ही कांहीं गोष्टी सुचवितों.

पहिली गोष्ट, वधूस विचारावें. “तुला कोणता दिवस सोयीचा ? काय खावेंसें वाटतें ? कोण असावें असें वाटतें ?” हे तीन प्रश्न तिच्या आईला नव्हे, प्रत्यक्ष तिला विचारावे. तिला श्रीखंडापेक्षां वालाचें बिरडें व गरम भात अधिक प्रिय असेल, तर पक्वान्नाचा हट्ट धरूं नये. तिच्या जिवलग मैत्रिणी आप्तांत मोडत नाहींत म्हणून त्यांस वगळूं नये.

दुसरी गोष्ट, केळवणें एकत्र करावीं. तिन्ही मावश्यांनीं मिळून एक, काकांकडील घरांनीं मिळून एक, सोसायटींतील शेजाऱ्यांनीं मिळून एक, अशीं चार केळवणें झालीं तर कोणाचा मान कमी होत नाहीं. खर्च वांटला जातो आणि चार घरचीं माणसें एका पंगतीस बसतात. हल्लीं वधूवरांस एकत्रच बोलावण्याची चाल पडत आहे, तीही चांगली आहे.

तिसरी गोष्ट, वेळ. रविवारीं मध्य रेल्वेवर कोठें ना कोठें मेगाब्लॉक असतो. दादरची आत्या व मुलुंडचे मामा बारा वाजतां येतील हें गृहीत धरूं नये. आदल्या दिवशीं गाड्यांची माहिती काढून त्यांस कळवावें. साडेबाराला पानें मांडावीं, चारच्या आंत वधूस मोकळें करावें. संध्याकाळ तिची तिला असूं द्यावी.

चवथी गोष्ट, बेत. दोन खोल्यांच्या घरांत पंधरा माणसें सुखानें जेवतात. पंचवीस झालीं कीं यजमानीण जेवत नाहीं. पंधरा पानांच्या श्रीखंड-पुरीच्या बेतास एक किलो चक्का व तितकीच साखर, पुऱ्यांस दोन किलो कणीक, मसालेभातास सव्वा किलो तांदूळ, बटाट्याची भाजी दोन किलोंची आणि मठ्ठा तीन लिटर पुरेसा होतो. सोबत कोशिंबीर, चटणी व एखादी वडी असली कीं पान भरलें. सर्व घरींच केलें पाहिजे असा आग्रह नको. आपल्याकडे पोळी-भाजी केंद्रांची वाण नाहीं. पुऱ्या व वड्या तेथून आणवून घरच्या बाईनें पंगतींत बसावें, हें अधिक शोभतें. केळीचीं पानें मात्र आदल्या दिवशीं जांभळी नाक्यावरून किंवा जवळच्या मंडईंतून आणून ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवावीं. पानावर वाढण्याची रीत नव्या मुलांस ह्याच निमित्तानें शिकवावी : वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. वडीलधाऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर त्यांस मेज-खुर्ची द्यावी. पान मेजावर मांडल्यानें केळवणांत उणें पडत नाहीं.

पांचवी गोष्ट, करमणूक. उखाणा घ्यावयास लावून वधूस लाजविणें ही करमणूक जुनी झाली. त्याऐवजीं घरांतील प्रत्येक जोडप्यानें उखाणा घ्यावा, आजोबांनींही ! मग गाण्याच्या भेंड्या होऊं द्याव्या. आणखी एक युक्ति आम्हांस फार आवडली. एक कोरी वही पंगतीपूर्वीं फिरवावी, व प्रत्येकानें तींत आपल्या हातखंड्याच्या एका पदार्थाची कृति, प्रमाणासह, स्वतःच्या अक्षरांत लिहावी. आजीच्या मेतकुटाचें प्रमाण आजीबरोबर जातें, असें कित्येक घरीं झालें आहे; तें वहींत राहील. आहेर महाग असण्याचें कारण नाहीं. ही वही हाच सर्वांत मोठा आहेर. मोबाइलवरचीं छायाचित्रें ओवाळण्याच्या वेळीं चार काढावीं व यंत्र बाजूस ठेवावें. पान वाढून झालें तरी छायाचित्र मनासारखें येईना म्हणून वधूनें घास हातांत धरून तिष्ठत बसावें, ही शोभा नव्हे.

शेवटची गोष्ट आम्ही मुद्दामच शेवटीं ठेविली आहे, कारण ती सर्वांत महत्त्वाची आहे. वधूस ओवाळावयाचें कोणीं ? सवाष्णींनीं, असा प्रघात आहे. आमच्या ओळखीच्या डोंबिवलींतील एका घरीं वधूची आई ती लहान असतांनाच वारली होती व विधवा काकूनें तिला वाढविलें होतें. केळवणाच्या दिवशीं पांच सवाष्णी निरांजन घेऊन उभ्या राहिल्या; काकू स्वयंपाकघरांत पुऱ्या तळीत होत्या. मुलगी पाटावरून उठली, आंत गेली व म्हणाली, “काकू, आधीं तूं ओवाळ. नाहीं तर मी जेवणार नाहीं.” घरांत एकच स्तब्धता झाली. काकू नको नको म्हणूं लागल्या. तेव्हां ऐंशी वर्षांच्या आजीनें कढईखालचा गॅस स्वतः बंद केला व सुनेच्या हातीं निरांजन दिलें. त्या दिवशीं पुऱ्या थंड झाल्या, पण त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ह्या गांवाच्या ग्रामपंचायतीनें मे १९२२ मध्यें नव्हे, तर तब्बल शंभर वर्षांनीं, मे २०२२ मध्यें, कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें ह्या विधवांबाबतच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यांत महाराष्ट्र शासनानें इतर ग्रामपंचायतींनींही हा कित्ता गिरवावा असें परिपत्रक काढलें. एका खेड्यास जें सुचलें, तें ग्रंथसंग्रहालयें व वाचनालयें असलेल्या आपल्या गांवांस सुचूं नये काय ? येथें ठरावाचीही गरज नाहीं. केळवणास मंत्र नाहीं, पुरोहित नाहीं. कोणी अडविणारा नाहीं. ज्या हातांनीं मुलीस वाढविलें, ते हात ओवाळण्यास पात्र आहेत, एवढें घरांतील वडील बाईनें म्हटलें कीं झालें.

तुळशीचीं लग्नें लागलीं कीं पुन्हां मुहूर्तांचे दिवस येतील व घरोघरीं केळवणांचे बेत ठरूं लागतील. त्या वेळीं किराण्याची यादी करण्यापूर्वीं मुलीस जवळ बसवून तिला काय हवें तें विचारावें, आणि पाटासमोर कोणीं उभें राहावें हेंही तिलाच ठरवूं द्यावें. वराच्या घरींही असेंच करावें. कारण जो मुलगा आपल्या केळवणाच्या दिवशीं चार पानें वाढावयास उठेल, त्याच्या घरीं येणारी मुलगी सुखांत राहील, अशी आमची खात्री आहे.