दारातला अडुळसा, बांधावरची निरगुडी

जून लागला की आमच्या फाटकाशी एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "काकू, अडुळशाची काडी द्याल का?" काडी घेऊन जाताना निम्म्या जणी कोपऱ्यातल्या निरगुडीकडे बोट दाखवतात, "आणि हे काय, हाही अडुळसाच का?" दोन्ही झुडपं, दोन्ही औषधी आणि दोन्हींना गुरं सहसा तोंड लावत नाहीत, एवढंच काय ते साम्य. बाकी स्वभाव सासू-सुनेइतके वेगळे. (कोण सासू आणि कोण सून, ते सांगत नाही!)

अडुळशाचं पान लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं, वीतभर तरी होतं. समोरासमोर जोडीनं येतं, चुरगळलं तर उग्र वास आणि चव कडूजहर. थंडीत पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. एखादं फूल निरखून बघा, सिंहानं जबडा उघडावा तसं दिसतं आणि खालच्या ओठावर जांभळट रेघा. म्हणूनच संस्कृतात त्याला 'सिंहास्य' म्हणतात. तमिळमध्ये 'आडातोडै', म्हणजे शेळी ज्याला शिवत नाही ते. शास्त्रीय नावातला 'अधाटोडा' तिथूनच आला.

निरगुडीचं पान मात्र हाताच्या पंजासारखं. एका देठावर तीन किंवा पाच पानं, वरून हिरवी आणि खालून राखाडी-पांढरट. फुलं बारीक, निळसर जांभळी. काही झाडांच्या पानांना करवतीसारख्या कडा असतात. एकदा घरी आलेल्या पाहुण्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "वहिनी, हे गांजाचं झाड तर नाही ना?" तेव्हापासून कुणी आलं की मी आधी निरगुडीची ओळख करून देते!

आता लावायचं कसं ते बघू. अडुळशाला पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळे असलेली काडी पावसाच्या सुरुवातीला तिरपी खोचली की पुरे. दोन डोळे मातीत, दोन वर. खालचं टोक खाली राहील एवढं मात्र बघा, उलटी खोचून "तुमची काडी लागलीच नाही" म्हणणाऱ्या भेटल्यात मला. अर्ध्या सावलीत चालतो, कुंडीत राहतो, पंधरा लिटरच्या तेलाच्या डब्यातही आमच्या बचत गटातल्या दोघींनी छान वाढवलाय. डब्याला तळाशी भोकं पाडायला विसरू नका, कारण पाणी साचलं की मुळं कुजतात. उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी आणि फुलोरा संपला की छाटणी. छाटलं नाही तर नुसत्या काड्या उंच जातात आणि पानं शेंड्याला राहतात.

निरगुडीला लाड चालत नाहीत. तिला ऊन हवं आणि जमीन हवी. मूळची ती ओढ्याकाठची, नदीकाठची, पण एकदा मुळं खोल गेली की उन्हाळाभर पाणी नसलं तरी तग धरते. कुंडीत लावली तर जगते, पण रुसल्यासारखी राहते. घराच्या भिंतीला चिकटून लावू नका, दोन माणसांच्या उंचीची होते आणि बुडातून नवे फुटवे येत राहतात. शेताच्या बांधावर, परसदारी कुंपणाला ती शोभते. तिच्या लवचिक फोकांच्या टोपल्या आणि धान्याच्या कणग्या विणत असत. वाळलेली पानं धान्यात घालायची पद्धत अजूनही आहे. संध्याकाळी पानांची धुरी केली तर डासही पांगतात. फक्त दम्याचा माणूस घरात असेल तर धुरी नको.

म्हणजे जागा कमी असेल, गॅलरी असेल तर अडुळसा. अंगण किंवा बांध असेल तर निरगुडी. दोन्हींना जागा असेल तर तुमच्यासारख्या भाग्यवान तुम्हीच.

उपयोगाचं म्हणाल तर ढोबळमानानं अडुळसा छातीसाठी आणि निरगुडी सांध्यांसाठी. अडुळशाचं पान नुसतं वाटलं तर रस फारसा निघतच नाही, हे अनेकींना माहीत नसतं. अळूवडीसारखी पानं आधी वाफवून घ्यायची, मग ठेचून फडक्यातून पिळायची. मोठ्या माणसाला दोन चमचे रस मधाबरोबर, खोकला घट्ट असेल तेव्हा. कफ सुटतो, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे आणि तो नुसता आजीबाईंचा नाही. या पानातल्या व्हॅसिसिन नावाच्या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. म्हणजे दुकानातल्या कितीतरी बाटल्यांचं मूळ आपल्या कुंपणातच आहे.

पण इथेच मला एक गोष्ट सांगायची आहे, कारण तिच्यात माझीही चूक आहे.

आमच्या गटातली एक बाई, मिरची कांडपावर काम करायची. खोकला सुरू झाला. मिरचीमुळेच असेल, असं तिला वाटलं आणि मलाही. मीच तिला दर आठवड्याला अडुळशाची पानं द्यायची, वर कृतीही सांगायची. दोन-चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा ठसका. असे दीड महिने गेले. एकदा बैठकीत तिच्या पदराला रक्ताचा डाग दिसला. ती म्हणाली, "अडुळसा रक्तावरपण चालतो ना ताई? सासूबाई म्हणाल्या." आयुर्वेदात रक्तपित्तावर अडुळसा सांगितला आहे हे खरं. पण थुंकीतून रक्त का येतंय, ते कुंपणातलं झाड कसं सांगणार? दुसऱ्या दिवशी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. थुंकी तपासली, एक्स-रे काढला. क्षयरोग निघाला. घरात दोन लहान मुलं, त्यांचीही तपासणी झाली. ती दोघं सुटली, हे आमचं नशीब.

सहा महिने गोळ्या घेतल्या, एकही दिवस न चुकवता. गोळ्या फुकट मिळाल्या. पोषणासाठी सरकारकडून दरमहा पैसेही मिळतात. 2018 साली 500 रुपयांनी ही योजना सुरू झाली, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 केले. आज ती ठणठणीत आहे, पुन्हा कामाला जाते, फक्त नाकाला रुमाल बांधून. मी मात्र त्यानंतर पानं देताना आधी विचारते, "खोकला किती दिवसांचा?" दोन आठवड्यांच्या वर असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, वजन उतरलं असेल, तर पानं देत नाही. आधी थुंकी तपासून या म्हणते. कुणी नाराजही होतं. होऊ दे.

दुसरी विचारपूस सुनेबद्दल. दिवस गेलेल्या बाईला अडुळसा पोटातून अजिबात द्यायचा नाही. त्यातल्या द्रव्यानं गर्भाशय आकुंचन पावतं. "झाडपाला आहे, त्यानं काय होतंय" असं म्हणत सासवा मायेनं काढा करून देतात. माया खरी असते, पण काढ्याला ती कळत नाही.

तिसरं म्हणजे तान्ही मुलं. 2025 साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी खोकल्याच्या औषधानं लहान मुलं दगावली, त्यातली कित्येक उपचारासाठी नागपूरला आणलेली होती. त्यानंतर आयांचा बाटलीवरचा विश्वास उडाला आणि माझ्याकडे पानं मागायला रांग लागली. त्यांची भीती मला समजते. तरी दोन वर्षांखालच्या बाळाला ना बाटली, ना काढा, स्वतःच्या मनानं काहीच नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा नको. बाळाच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, दूध सोडलं असेल, तर थेट डॉक्टर.

निरगुडीच्या बाबतीत मी तुलनेनं निर्धास्त असते, कारण तिचा घरचा वापर बहुतेक बाहेरूनच. पानं तव्यावर थोड्या तेलात गरम करायची, फडक्यात बांधून गुडघ्याला, कंबरेला शेक. मुरगळलेल्या पायाला, आदळलेल्या कोपराला याच्यासारखा आराम नाही. बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात पाला उकळायची रीत अजून आमच्याकडे आहे. सर्दीनं डोकं जड झालं की पानांचा वाफारा. 2006 साली चिकुनगुनियाची मोठी साथ आली, तेव्हा सांधे धरलेल्या बायका सकाळी उठून चूल पेटवू शकत नव्हत्या. त्या दिवसांत आमची निरगुडी पार ओरबाडली गेली, नुसत्या काड्या उरल्या. पाऊस झाला आणि महिन्याभरात पुन्हा गच्च भरली.

एवढं बघा, की हाड मोडल्याची शंका असेल तर चोळायचं नाही, शेकायचंही नाही. सांधा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर पाला बाजूला ठेवा. आणि शेक देण्याआधी पोटली स्वतःच्या मनगटावर टेकवून बघा. म्हाताऱ्या माणसांना, विशेषतः मधुमेह असेल तर, चटका लवकर कळत नाही.

माझ्या निरगुडीला यंदा बुडातून सात-आठ फुटवे आलेत, मुळांसकट निघतील असे. पहिल्या दोन पावसांनंतर काढणार आहे. येताना जुनी पिशवी आणि थोडी ओली माती घेऊन या.