बोट न दाखवता शिकवणं

सर्वसाधारण बी.एड.च्या छात्राध्यापकाच्या पाठ टाचणात 'चित्र दाखवून' हे शब्द पानोपानी येतात. दृष्टिबाधित मुलांचा शिक्षक व्हायचं, तर पहिल्यांदा हे शब्द काढावे लागतात. 'बघा' म्हणायला हरकत नाही; अंध मुलंही "बघू, बघू" म्हणत हात पुढे करतात. अडचण होते ती 'इथे' आणि 'असं' या शब्दांची. "पानाच्या डाव्या कडेवरून बोट खाली आणा, खरखरीत पट्टा लागेल, ती नदी" असं नेमकं बोलता येणं ही या प्रशिक्षणातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे, ब्रेलपेक्षाही अवघड, असं माझं मत आहे.

महाराष्ट्रात या कामाला सव्वाशे वर्षांची परंपरा आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी 1900 साली मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. तीच आजची दादरची कमला मेहता अंध शाळा. शिक्षकांच्या प्रशिक्षणाला देशभर एकसारखी शिस्त मात्र फार उशिरा, 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानंतर आली. आता बारावीनंतर विशेष शिक्षणातलं डी.एड. किंवा पदवीनंतर बी.एड. करून परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नोंदवावं लागतं.

ब्रेल शिकताना डोळस विद्यार्थ्याचा गोंधळ उडतो तो ब्रेल लिहायच्या पाटीवर. सहा टिंबांचं घर. डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन आणि उजवीकडे चार, पाच, सहा. पण स्टायलसने, म्हणजे टोचणीने, कागद मागून टोचायचा असतो, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि टिंबांच्या बाजूही उलट. कागद उलटला की ओळ डावीकडून वाचता येते. 1951 मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरली. तीत अक्षरं उच्चाराच्या क्रमाने येतात. 'किती' लिहिताना छापील मजकुरात वेलांटी 'क'च्या आधी दिसते; ब्रेलमध्ये आधी 'क', मग 'इ'. जोडाक्षरात मात्र चौथं टिंब अर्ध्या अक्षराच्या आधी येतं: 'पुस्तक'मधल्या 'स्त'साठी आधी ते टिंब, मग 'स', मग 'त'. डोळस शिक्षक बहुधा ब्रेल डोळ्यांनीच वाचू लागतो. त्यात वावगं नाही, पण मुलाचं बोट ओळीवर कुठे अडतंय हे कळायला स्वतःचं बोटही थोडं तयार असावं लागतं.

गणितासाठी टेलर फ्रेम ही छिद्रांची चौकट आणि मण्यांचा ॲबॅकस असतात. त्यांचा सराव झाला की हात बसतो.

दिशा ओळखण्याचा आणि चालण्याचा विषय तसा पटकन उरकत नाही. इथे छात्राध्यापकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात. डावं पाऊल पुढे पडताना पांढऱ्या काठीचं टोक उजवीकडे टेकवायचं, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधी तपासली जाते. वाट दाखवताना मुलाला हाताला धरून ओढायचं नाही. त्याने आपल्या कोपराच्या जरा वर धरायचं आणि अर्धं पाऊल मागून चालायचं. आपण वळलो, चढलो की आपल्या दंडावरूनच त्याला ते कळतं. पट्टी बांधून अंधत्व समजलं असं मात्र कोणी मानू नये. पट्टी सुटणार हे माहीत असलेल्या माणसाची भीती वेगळी असते.

मुलाला शब्द भरपूर येतात आणि वस्तू माहीत नसते, हा या शिक्षणातला जुना धोका. 'शेतकरी नांगरतो' हे वाक्य पाठ असतं, पण फाळ कधी हाताला लागलेला नसतो. म्हणून चांगला शिक्षक खरी वस्तू वर्गात आणतो, नाहीतर मुलांना वस्तूपाशी नेतो, आणि हात फिरवून होईपर्यंत गप्प थांबतो. हे थांबणं जमायला वेळ लागतो.

यातली बरीच मुलं पूर्ण अंध नसतात. कुणाला ठळक रेषांची वही पुरते, कुणाला खिडकीकडे पाठ करून बसवलं की पान दिसतं. अशी मुलं साध्या शाळेत 'अभ्यासात कच्ची' ठरून मागे पडतात, कारण त्यांना ओळखणारा शिक्षक तिथे नसतो.

शिक्षक व्हायचं ठरवलेल्या मुलामुलींनी हा अभ्यासक्रम अर्ज भरण्याच्या यादीत जरूर ठेवावा. प्रवेश घेण्याआधी संस्थेला पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का ते तपासावं, आणि एक दिवस जवळच्या अंध शाळेत जाऊन वर्गात मागे बसावं.