बिऱ्हाड चाकांवर

उन्हाळ्याची सुटी लागली कीं आमच्या लहानपणीं घरोघर दोनच बेत असत. मामाचें गांव, नाहींतर एखादें तीर्थक्षेत्र. हल्लींच्या तरुण मंडळींस तिसरा एक बेत सुचला आहे. चारही चाकांना जोर पुरविणारी दणकट गाडी घ्यावी, डांबरी सडक सोडून डोंगराच्या कुशींत शिरावें, आणि कापडी तंबूंत एकदोन रात्री काढून परत यावें. घरांतील वडील माणसें या बेताला नाक मुरडतात. मला स्वतःला तो मुळींच वाईट वाटत नाहीं. ज्या मुलांना सप्तर्षि केवळ पुस्तकांतल्या चित्रावरून ठाऊक, त्यांनीं ते एकदां आभाळांत पाहिले तर त्यांत त्यांचें हितच आहे. माझी तक्रार आहे ती गाडी भरण्याच्या पद्धतीविषयीं. दाराशीं उभ्या असलेल्या गाडींत घरांतील प्रत्येक माणूस येतां-जातां कांहींतरी कोंबून जातो, आणि शेवटीं डिकीचें दार गुडघ्यानें लोटून बंद करावें लागतें. अशी गाडी डांबरी रस्त्यावर निभावून जाते. खडकाळ वाटेवर ती निभावत नाहीं.

या सहलींचें आपल्या जिल्ह्यांतलें माहेर म्हणजे अकोले तालुक्याचा पश्चिम भाग. (जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अधिकृतपणें अहिल्यानगर झालें, माझ्या वयाच्या लोकांच्या जिभेवर मात्र अजून ‘नगर’च येतें.) प्रवरेवरील विल्सन धरण १९२६ सालीं पुरें झालें, आणि त्याच्यामागें पसरलेल्या आर्थर जलाशयाच्या कांठीं शेंडीपासून रतनवाडीपर्यंत आज सुटीच्या दिवसांत तंबूंच्या रांगा लागतात. एका अंगाला १६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर, दुसऱ्या अंगाला रतनगड व त्याच्या पायथ्याचें अमृतेश्वराचें देऊळ, पलीकडे साम्रदची सांधण दरी, आणि दक्षिणेला पाचनईवरून चढावयाचा हरिश्चंद्रगड. यांतला बराच मुलूख अभयारण्यांत मोडतो. तेव्हां जेथें वाट आहे तेथेंच गाडी न्यावी आणि जेथें परवानगी आहे तेथेंच तंबू ठोकावा, हें सांगावयास नकोच. मोठ्या गांवांपर्यंत डांबर पोंचलें आहे. मुक्कामाच्या जागेपर्यंतचा अखेरचा मैल-दोन मैल मात्र दगडाधोंड्यांचा, नाहींतर जलाशयाच्या उघड्या पडलेल्या गाळाचा असतो. हा गाळ वरून भेगाळलेला व कोरडा दिसतो, आणि आंत ओला असतो.

नगर शहरापासून हा प्रदेश सुमारें दीडशें किलोमीटर. पण हवेच्या दृष्टीनें जणूं दुसराच देश! नगरास वर्षाकांठीं पांचशें-सहाशें मिलिमीटर पाऊस पडला तर समाधान मानावयाचें. घाटघर-रतनवाडीच्या बाजूस त्याच्या कितीतरी पट कोसळतो. म्हणून नगरच्या अंगणांतलें ऊन पाहून भरलेली गाडी तेथें पोंचतांच अपुरी ठरते. जूनच्या पहिल्या आठवड्यांत निघणाऱ्यानें तर सगळें कापड, पांघरुणें व काड्यापेट्या जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधल्यावांचून उंबरा ओलांडूं नये.

ओझें कसें लादावें हें शास्त्र आपल्याकडे नवें नाहीं. पारनेर तालुक्यांतील ढवळपुरीचे धनगर दिवाळीनंतर मेंढरें घेऊन कोंकणाकडे उतरतात व पावसाच्या तोंडावर परततात. त्यांचें सगळें बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर असतें, आणि तें लादण्याचें काम बहुधा बायका करतात. भार दोन्ही अंगांना सारखा नसेल तर घोड्याची पाठ सोलून निघते. सैल असेल तर पहिल्याच ओढ्यांत संसार वाहून जावयाचा. बैलगाडीचेंही तेंच. मागें भार अधिक झाला कीं गाडी उलाळ होते, जूं बैलांच्या मानेवरून वर उचललें जातें. पुढें अधिक झाला तर तेंच जूं मानेंत रुततें. ऊस वाहणारा गाडीवान मोळ्या रचतांना हा तोल डोळ्यांनींच जोखतो. त्याला पदार्थविज्ञानाचें पुस्तक लागत नाहीं.

मोटारीला मान नाहीं, म्हणून ती तक्रार करीत नाहीं. नियम मात्र तोच. सगळ्यांत जड जिनसा सगळ्यांत खालीं, दोन्ही आंसांच्या मध्यें, म्हणजे मागच्या बैठकीच्या पाठीला अगदीं चिकटून ठेवाव्या. हलकें व फुगीर सामान, गाद्या-पांघरुणें वगैरे, मागच्या दाराकडे. जड पेटी दाराकडे गेली कीं गाडी उलाळ होऊं पाहते. चढावर पुढच्या चाकांची पकड कमी होते आणि सुकाणूं हलकें लागूं लागतें. टपावरचें ओझें तर याहून वाईट. तें जितकें वर, तितका गाडीचा गुरुत्वमध्य वर. आणि बाजूला कललेल्या वाटेवर गाडी उलटावयास तेवढेंच निमित्त पुरतें. टपावर किती भार चालतो तें गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. डोंगरांत जाणाऱ्यानें त्याच्या निम्म्यावरच थांबावें. टपावर ठेवावयाचीच असेल तर चटई ठेवावी, तंबूचें कापड ठेवावें. पाण्याचा कॅन व गॅसची टाकी कदापि नाहीं.

एका गोष्टीवर मी हट्टानें जोर देतों, कारण आपल्या घरांतून तिची फार हयगय होते. गाडींत जें बांधलेलें नाहीं तें धोंड्यासारखें समजावें. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एखाद्या झाडावर आदळली तर गाडी थांबते, आंतली सुटी वस्तु थांबत नाहीं. ती आपल्या वजनाच्या वीस-तीस पट जोरानें पुढें येते. पांच किलोंचा भांड्यांचा डबा म्हणजे एक ते दीड क्विंटलाचा आघात. आणि आपण तो डबा ठेवतों कोठें? मागच्या बैठकीच्या वर रचलेल्या ढिगाच्या टोकाला. म्हणजे नेमका मुलांच्या डोक्यामागें. सामानाची उंची बैठकीच्या पाठीपेक्षां वर जाऊं देऊं नये. गेलीच तर मध्यें जाळी लावावी. जमिनीवर बहुतेक गाड्यांत लोखंडी कड्या असतात. त्यांत रॅचेटचे पट्टे अडकवून पेट्या आंवळाव्या. रबरी ताणदोऱ्या चादरी धरून ठेवण्यापुरत्या ठीक. पेट्यांना त्या पुरत नाहींत. पहिला खडबडीत मैल ओलांडला कीं थांबून पट्टे पुन्हां एकदां ओढून पाहावे, कारण हादऱ्यांनीं सामान बसतें व पट्टे सैल पडतात.

आतां क्रमाविषयीं. मोगलांच्या छावणींत तंबूंचे दोन संच असत. बादशहा एका संचांत मुक्काम करीत असतां दुसरा पुढच्या मुक्कामावर आधींच उभा होत असे. त्यास पेशखाना म्हणत. औरंगजेबाबरोबर १६६४ सालच्या अखेरीस दिल्लीहून काश्मीरकडे निघालेल्या बर्निए नांवाच्या फ्रेंच वैद्यानें ही व्यवस्था वर्णन केली आहे. तोच औरंगजेब पुढें दक्षिणेंत वर्षानुवर्षें छावण्यांतून फिरून १७०७ सालीं नगरजवळ भिंगारास वारला. आपणांस दोन संच परवडणार नाहींत, पण त्यांतील मर्म घेतां येईल. मुक्कामावर पोंचल्याबरोबर निवारा हाताशीं पाहिजे. म्हणून तंबू, त्याच्या मेखा, हातोडी, खालीं अंथरावयाची ताडपत्री आणि बॅटरी हीं गाडींत सर्वांत शेवटीं चढवावीं, म्हणजे तीं सर्वांत आधीं उतरतील. बाकी सगळें हलविल्यावांचून तंबू निघत नसेल, आणि वरून पावसाची सर आली, तर गाद्या-पिठें चिखलांत ठेवण्याची पाळी येते. मेखा तंबूच्याच पिशवींत असाव्या. त्या निराळ्या ठेवल्या कीं हमखास घरीं राहतात.

काजव्यांच्या दिवसांत या क्रमाला आणखी महत्त्व येतें. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत भंडारदऱ्याकडे झाडेंच्या झाडें काजव्यांनीं लुकलुकूं लागतात, आणि शेंकडों गाड्या तें पाहावयास लोटतात. काजव्याचा उजेड म्हणजे नरानें मादीला घातलेली साद. तिच्यावर मोटारीचे प्रखर दिवे पडले कीं ती साद हरवते, आणि पुढच्या वर्षींची पिढी त्या प्रमाणांत घटते. वनखात्यानें या काळांत निर्बंध घातले आहेत ते योग्यच होत. दिवे लावून अंधारांत पेट्या शोधीत बसण्याची वेळ येऊं नये यासाठीं सूर्यास्तापूर्वीं पोंचून गाडी उतरवून मोकळें व्हावें, आणि बॅटरीच्या तोंडावर तांबडा कागद बांधावा.

पाण्याचा हिशेब घरींच कागदावर करावा. पिण्यास व स्वयंपाकास मिळून माणशीं दिवसाला चार लिटर धरले तर पांच माणसांना दोन दिवसांचे चाळीस लिटर. म्हणजे चाळीस किलोंचा भार. तो एका मोठ्या टाकींत न भरतां वीस-वीस लिटरच्या दोन कॅनांत भरावा, म्हणजे एक गळला तरी दुसरा उरतो, आणि सुनेला तो एकटीला उचलावा लागला तर निम्माच भरून ठेवतां येतो. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणांत सैन्याच्या कूचाविषयीं लिहितांना वाटेवरील मुक्कामांत चारा, सर्पण व पाणी किती मिळेल याची आधीं मोजदाद करावी आणि अन्नसामग्री दुप्पट न्यावी असें सांगितलें आहे. मोजदादीबद्दल मी त्याच्याशीं पूर्ण सहमत आहें. दुपटीबद्दल मात्र नाहीं; आपण शत्रूच्या मुलुखांत चाललों नाहीं, आणि राजूर-शेंडीच्या बाजारांत डाळतांदूळ मिळतात. दशम्या, चटणी, मेतकूट, भाजलेले शेंगदाणे व खिचडीचें साहित्य एवढ्यावर दोन दिवस सुखानें निघतात. पांच प्रकारचीं लोणचीं काचेच्या बरण्यांत नेणाऱ्या गृहिणींना माझी विनंति आहे कीं त्यांनीं तीं स्टीलच्या डब्यांत भरावीं, आणि पांचांचीं दोन करावीं.

चुलीविषयीं विनोद चालत नाहीं. तंबूच्या आंत कधींही, कितीही थंडी असो, शेगडी, स्टोव्ह वा निखारे ठेवूं नयेत. कोळसा विझत आला तरी त्यांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु निघत राहतो. त्याला वास नाहीं, रंग नाहीं. झोपलेल्या माणसाला तो कळतही नाहीं आणि तो माणूस उठतही नाहीं. डिसेंबरांत ऊब मिळावी म्हणून शेगडी आंत घेण्याचा मोह अनेकांना होतो. त्याऐवजीं एक घोंगडी अधिक न्यावी. गॅसचा वायु हवेपेक्षां जड असल्यामुळें गळला तर खळग्यांत साठतो. टाकी उभीच बांधावी आणि बंद गाडींत उन्हांत सोडूं नये.

गाडी रुतली तर लागणारीं साधनें निराळ्या पिशवींत, दार उघडतांच हातीं येतील अशीं असावीं: फावडें, ओढण्याचा रुंद पट्टा, लोखंडी कड्या, जाड हातमोजे, हवेचा पंप व दाबमापक, आणि जॅक मातींत बुडूं नये म्हणून त्याच्याखालीं घालावयाची जाड फळी. कित्येक गाड्यांत जॅक व पाना डिकीच्या तळाखालीं असतो. वर चाळीस किलो पाणी रचल्यावर तो काढणार कसा? तेव्हां सामान चढविण्यापूर्वीं तो वर काढून घ्यावा. मऊ जमिनींत चाकांतली हवा थोडी कमी केली तर चाक पसरतें व पकड वाढते. पण डांबरावर येण्यापूर्वीं ती पुन्हां पुरी भरलीच पाहिजे, म्हणून पंपावांचून हवा सोडूं नये. पट्टा गाडीच्या अधिकृत कडीलाच लावावा. ओढ चालू असतांना पट्ट्याच्या लांबीहून दूर उभें राहावें, आणि मुलांना तर दृष्टीआडच न्यावें. तुटलेला पट्टा माणूस ओळखीत नाहीं.

आमच्या घरांत, जेथें अकरा माणसें व तितकींच मतें आहेत, नातवानें चार झांकणाच्या पेट्या ठरविल्या आहेत: स्वयंपाकाची, अंथरुणाची, हत्यारांची व औषधांची. प्रत्येकीच्या झांकणावर आंतून यादी चिकटविलेली असते व प्रत्येक पेटीचा मालक एकच. औषधांची पेटी धाकट्या सुनेकडे. तींत माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या एका दिवसाच्या अधिक असतात. पेटी मालकाच्या हातूनच उघडावयाची व बंद व्हावयाची. या एका नियमानें वादावादी जितकी कमी झाली तितकी माझ्या उपदेशानें कधीं झाली नव्हती.

परतल्यावर सगळे दमलेले असतात आणि तंबू ओला असतो. तो गुंडाळलेला तसाच माळ्यावर टाकला तर थोड्याच दिवसांत त्याला बुरशी धरते व कुबट वास सुटतो. त्याच दिवशीं, फार तर दुसऱ्या दिवशीं, गच्चीवर सावलींत दोरीवर पसरावा. मेखांची माती धुवावी व त्या मोजाव्या. कॅन उपडे करून वाळवावे. यादींतलें जें संपलें असेल तें तेव्हांच आणून पेटींत भरावें. पेट्या मात्र रिकाम्या करूं नयेत, तशाच माळ्यावर चढवाव्या.