थोरल्याचे बोट, धाकट्याची चाहूल



घरात तीन-साडेतीन वर्षांचे लेकरू आहे. दिवसभर आईचा पदर धरून हिंडते, बाजाराला निघाले की "मी बी येतो" म्हणून हटून बसते. अशातच घरात दुसऱ्या बाळाची चाहूल लागते. आनंदाचीच गोष्ट आहे. पोटातल्या बाळासाठी नाव नोंदवतात, कार्ड काढतात, गोळ्या आणतात. अंगणात खेळणाऱ्या थोरल्याला मात्र एकच गोष्ट ऐकायला मिळते : "आता तू मोठा झालास!"

खरे पाहता साडेतीन वर्षांचे मूल मोठे झालेले नसते, मोठे होत असते. त्याचे खाणे, बोलणे, चालणे, बाहेर फिरणे या सर्वांकडे याच दिवसांत लक्ष द्यावे लागते. ते कसे द्यावे आणि त्यासाठी दोन मुलांत अंतर का ठेवावे, हे या पत्रकात सांगितले आहे. नवरा-बायको दोघांनी मिळून वाचावे. वाचता येत नसेल त्यांना वाचून दाखवावे.

अंतर किती असावे?

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की, एका बाळंतपणानंतर किमान दोन वर्षे पुन्हा दिवस जाऊ देऊ नयेत. हिशेब सोपा आहे. थोरले दोन वर्षांचे झाल्यावर दिवस राहिले, तर धाकट्याच्या जन्मावेळी ते पावणेतीन-तीन वर्षांचे होते. तोवर ते स्वतःच्या पायाने चालते, स्वतःच्या हाताने जेवते, भूक लागली की सांगते. आईच्या अंगातले रक्त भरून निघायलाही वेळ मिळतो. दीड वर्षाच्या आत पुन्हा दिवस राहिले, तर आईचे रक्त कमी पडण्याचा, बाळ दिवसांआधी जन्मण्याचा आणि वजनाने कमी भरण्याचा धोका वाढतो.

कोणी म्हणतात, "एकामागं एक झाले म्हणजे एकदाच सुटका होते." हे बघा, शेतकऱ्याला सांगायला नको की एकाच जमिनीतून दम न घेता पीक काढले तर दुसरे पीक लुळे पडते. शिवाय सुटका कोणाचीच होत नाही. कडेवर दोन, पाठीवर काम, आणि दोघांनाही पुरेसे दूध नाही, अशी त्या माऊलीची गत होते.

आफ्रिकेतील एक नाव

पश्चिम आफ्रिकेत आज ज्याला घाना म्हणतात, त्या देशात सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरीणबाई काम करीत होत्या. तेथील एक ते चार वर्षांच्या कितीतरी मुलांचे पाय सुजत, केस विरळ व तांबूस होत, मूल किरकिरे होऊन खाणे टाकून देई. तेथील गा भाषेत आयाबाया या दुखण्याला 'क्वाशिओर्कोर' म्हणत. अर्थ असा की, पाठचे बाळ आल्यावर थोरल्याला होणारा आजार. डॉक्टरीणबाईंनी १९३५ साली हेच नाव जगापुढे ठेवले आणि आजही वैद्यकशास्त्रात तेच चालते.

त्या आयांनी नेमके ओळखले होते. दुसरे बाळ आले की थोरल्याचे दूध एकाएकी तुटते. त्याच्या वाट्याला नुसती पेज किंवा भाकरीचा कोरडा तुकडा येतो. त्यात जुलाब, गोवर असे एखादे दुखणे झाले की मूल खंगते. आपल्याकडेही कडू निंबाचा पाला लावून एका दिवसात अंगावरचे तोडण्याची रीत आहे. तसे करू नका. दिवस राहिले म्हणून दूध नासत नाही. दूध हळूहळू कमी करा आणि त्याच वेळी वरचे खाणे वाढवा. पूर्वी बाळ दिवसांआधी झाले असेल किंवा या खेपेस अंगावरून रक्त जात असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

थोरल्याचे ताट

साडेतीन वर्षांच्या मुलाचे पोट लहान असते. मोठ्यांसारखे दोन वेळा वाढून त्याचे भागत नाही. तीन वेळा जेवण आणि मध्ये दोनदा काहीतरी, असे पाच वेळा द्यावे. महाग काही लागत नाही. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी वरणात कुस्करून, वर तेलाची धार. मुगाची खिचडी, मेथी किंवा चवळीची भाजी, शेंगदाणे कुटून गुळाचा लाडू, जमेल तेव्हा अंडे, हंगामात पेरू, बोरे, सीताफळ. अख्खा शेंगदाणा लहानग्याच्या श्वासनळीत अडकू शकतो, म्हणून कुटूनच द्यावा. बोरे, सीताफळ बिया काढून द्यावीत. त्याचे ताट वेगळे वाढावे, म्हणजे किती खाल्ले ते कळते.

अंगणवाडी ताई दंडाला पट्टी लावून पाहतात. पाच वर्षांखालील मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पायांवर सूज असली, तर ते तीव्र कुपोषण समजावे आणि मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

कोणत्या वयात काय यावे?

*तीन वर्षांचे मूल :* पळते, जिन्याच्या पायऱ्या चढते, दोन-तीन शब्दांचे वाक्य बोलते, आपले नाव सांगते, खडूने गोल काढते.

*चार वर्षांचे मूल :* एका पायावर उड्या मारते, लहानशी गोष्ट सांगते, बरोबरच्या मुलांशी खेळते, मदत घेऊन कपडे घालते. उंची साधारण १०० सेंटिमीटरच्या आसपास येते.

*पाच वर्षांचे मूल :* आपले नाव व वय सांगते, चार-पाच वस्तू मोजते, स्वतःचे स्वतः जेवते, बऱ्याच अंशी कपडे घालते.

सगळी मुले एकाच दिवशी शिकत नाहीत. महिना-दोन महिने मागेपुढे झाले तर घाबरू नका. पण तीन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल किंवा चालताना सारखे पडत असेल, तर "बोलेल हळूहळू" म्हणून बसू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत मुले तपासायला येते, त्यांना दाखवा.

आई बाळंतपणाच्या गडबडीत असताना थोरल्याचे डोस राहून जातात. 'अ' जीवनसत्त्वाचे औषध पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी द्यायचे असते. ९ महिन्यांच्या पहिल्या डोसापासून एकूण ९ डोस होतात. पाच-सहा वर्षांच्या दरम्यान डी.पी.टी.चा दुसरा बूस्टर असतो. जंताची गोळी चुकवू नका. कार्ड काढून तारखा पाहा.

बाहेर नेताना

मूल घराबाहेर पडते तेव्हाच जग शिकते. आई गरोदर आहे म्हणून त्याला घरात कोंडू नये. मात्र काही गोष्टी सांभाळाव्यात.

*अंगणवाडी :* २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, ती फक्त ३३ ठिकाणी. त्यांत आपल्या अमरावती विभागातील धारणी होते. आज गावोगाव अंगणवाडी आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तेथे खेळ, गाणी आणि गरम आहार मिळतो. थोरल्याला अंगणवाडीत घालायचे असेल तर बाळ येण्याच्या दोन-तीन महिने आधी घाला. बाळ आल्याबरोबर घातले, तर त्याला वाटते, "बाळ आलं म्हणून मला घालवून दिलं."

*आठवडी बाजार :* मुलाला मोठेपणा द्या. एका हातात हलकी पिशवी द्या. "टमाटे तू निवड," म्हणा. मोजणे, रंग, नावे तेथेच शिकते. बाजारात हरवले तर सांगता यावे म्हणून स्वतःचे, वडिलांचे व गावाचे नाव त्याच्याकडून पाठ करून घ्या. ऊन तापण्याआधी जा, पाणी बरोबर ठेवा.

*शेत :* कपाशी वेचायला आई गेली की लेकरू बांधावर असते. विहीर, शेततळे आणि फवारणीचे औषध, या तीन ठिकाणी क्षणभरही नजर काढू नका. औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरू नका, डबा घरात वापरू नका. गरोदर बाईने फवारणीचे औषध कालवू नये आणि फवारलेल्या शेतात लगेच जाऊ नये.

*गाडी व एस.टी. :* मोटारसायकलवर पुढे टाकीवर मूल, मागे गरोदर बायको, मांडीवर पिशवी, असा प्रवास फार धोक्याचा. चार वर्षांखालील मुलासाठी पट्टा व हेल्मेट लावण्याचा नियम २०२३ पासून लागू आहे. मोताळा, मलकापूर, बुलढाण्याला जायचे तर एस.टी. बरी.

*जत्रा :* सैलानी असो की शेगाव, गर्दीच्या दिवशी सातव्या महिन्यानंतर आईने जाणे टाळावे. वडिलांनी मुलाला घेऊन गर्दी नसलेल्या दिवशी जावे. मुलालाही बापाबरोबरचा तो दिवस लक्षात राहतो.

कडेवर घ्यावे का?

"बाई, पोटुशी आहेस, लेकराला उचलू नको," असे सगळे म्हणतात. आईची तब्येत चांगली असेल तर थोडा वेळ घ्यायला हरकत नाही. पण कमरेत वाकून झटक्याने उचलू नये. गुडघे वाकवून, खाली बसून उचलावे. दिवस भरत आले की खाली बसून मुलाला मांडीवर घ्यावे. मुलाला हवी असते ती जवळीक, उंची नव्हे. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर मात्र मुळीच उचलू नये.

आईने स्वतःसाठी

बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा आणि एकूण किमान चार तपासण्या करा. २०१६ सालापासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. चौथ्या महिन्यापासून लोहाची रोज एक गोळी, अशा १८० गोळ्या घ्यायच्या. चहाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. धनुर्वाताचे टी.डी. इंजेक्शन घ्या. मागच्या खेपेला दोन घेतली असतील आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिले असतील, तर एकच पुरते.

अंगावरून रक्त जाणे, तोंडावर-हातांवर सूज, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, ताप, पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांतले काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर फोन करा. अशा वेळी थोरल्याला कोणाकडे ठेवायचे, हे आधीच ठरवून ठेवा.

थोरल्याला कसे सांगावे?

पोट दिसू लागले की साध्या शब्दांत सांगा, "आपल्या घरी बाळ येणार. सुरुवातीला ते नुसते झोपेल, रडेल. तुझ्यासारखे खेळायला त्याला वेळ लागेल." "बाळ आलं की आई तुझी नाही राहणार," असे गमतीनेही कोणी म्हणू नये. मूल ते खरे मानते. भाऊ येणार की बहीण, हे त्याच्याकडून वदवून घेऊ नका. गर्भ मुलाचा की मुलीचा हे तपासणे आणि सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मुलगी झाली म्हणून घरात काही उणे होत नाही.

बाळ आल्यावर थोरले पुन्हा अंथरूण ओले करील, बाटली मागेल, बाळाला चिमटाही काढील. मारू नका, लाजवू नका. रोज थोडा वेळ फक्त त्याचा ठेवा. काही आठवड्यांत बहुतेक मुले रुळतात.

बापाची वाटणी

गड्याने हे बायकांचे काम म्हणून सोडून देऊ नये. थोरल्याला आंघोळ घालणे, अंगणवाडीत सोडणे, रात्री जवळ झोपवणे, एवढे बापाने चौथ्या-पाचव्या महिन्यापासून हाती घेतले, की बाळंतपणाच्या वेळी मूल आईवाचून अडत नाही. पाण्याची घागर आणि सरपणाचा भारा त्यानेच उचलावा. तपासणीला बरोबर जावे.

आणि यापुढे?

धाकटे आले की पाळणा लांबवायचा की थांबवायचा, हे दोघांनी बाळंतपणाआधीच बोलून ठरवावे. साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात :

१. तांबी : बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत दवाखान्यातच बसवता येते. प्रकारानुसार ५ किंवा १० वर्षे चालते. नको तेव्हा काढता येते.
२. अंतरा इंजेक्शन : दर तीन महिन्यांनी. बाळ दीड महिन्याचे झाल्यावर पाजणाऱ्या आईलाही चालते.
३. छाया गोळी : पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. दुधावर परिणाम होत नाही.
४. निरोध : पुरुषाने वापरायचा. गुप्तरोगांपासूनही बचाव होतो.
५. शस्त्रक्रिया : कुटुंब पूर्ण झाले असेल तरच. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी. ताकद कमी होत नाही. मात्र नंतर तीन महिने निरोध वापरावा आणि तपासणी करून घ्यावी.

यात सक्ती कोणाचीही नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा त्यांना समाजाचा रोष सोसावा लागला. आज हीच माहिती तुमच्या आशा ताईकडे, नर्सबाईकडे, हाकेच्या अंतरावर आहे. लाजू नका, विचारा.

थोरले चालते-बोलते झाल्यावर धाकटे आले, तर दोघांनाही आई पुरते.

दोघांत अंतर तीन वर्षांचे,
बाळसे टिकेल दोन्ही लेकरांचे!