व्याख्येबाहेरचा डोंगर : भूम आणि बालाघाट

केंब्रिजच्या जागतिक संवर्धन संनियंत्रण केंद्राने 2000 साली पर्वतांची एक वर्गवारी सिद्ध केली. तिच्यानुसार 2500 मीटरहून उंच असलेली कोणतीही भूमी पर्वतात गणली जाते. त्याखालच्या उंचीवर उताराची तीव्रता पाहिली जाते, आणि 300 ते 1000 मीटर या सर्वांत खालच्या वर्गात स्थानिक चढउतार 300 मीटरहून अधिक असावा लागतो. पर्वतीय पर्यावरण, हवामानबदल, आरोग्य आणि समाज यांविषयीचे पुष्कळसे जागतिक संशोधन अशा वर्गवाऱ्यांच्या आधारेच चालते. धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्याला ही कसोटी लावली, तर त्याचा बराचसा भाग पर्वत या संज्ञेत बसणार नाही. असे असूनही येथील पाऊस, माती, पाणी, गवत आणि माणसांचे स्थलांतर यांपैकी एकही गोष्ट डोंगराला वगळून समजून घेता येत नाही. त्यातही एक डोंगर पायाखालचा आहे आणि दुसरा बराच दूर, पश्चिमेला आहे.

पायाखालचा डोंगर म्हणजे बालाघाट. सह्याद्रीपासून निघालेल्या हरिश्चंद्रगडाच्या रांगेची ही आग्नेयेकडे गेलेली शाखा अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतून जाते व गोदावरी आणि भीमा यांच्या खोऱ्यांमधील जलविभाजक ठरते. रांगेच्या एका अंगाला पडलेला पाऊस मांजरेतून गोदावरीला मिळतो, तर दुसऱ्या अंगाचा सीना नदीतून भीमेला आणि पुढे कृष्णेला. रूढ अर्थाने ही शिखरांची रांग नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचे पठार नद्यांनी कोरत नेले आणि जे कडे व माथे उरले, त्यांना आपण डोंगर म्हणतो. 1993च्या भूकंपानंतर किल्लारी येथे जे संशोधन-छिद्र खोदण्यात आले, त्यात बेसाल्टची एकूण जाडी 338 मीटर भरली व त्याखाली प्राचीन स्फटिकी पाषाण लागला. कोयनेच्या परिसरातील छिद्रांत हाच बेसाल्ट काही ठिकाणी 1200 मीटरहून अधिक जाड आढळला. दख्खनचा हा पाषाणपट पूर्वेकडे पातळ होत जातो, हे अशा मोजमापांमुळे ठामपणे सांगता आले.

दूरचा डोंगर सह्याद्री. अरबी समुद्रावरून आलेले मोसमी वारे घाटमाथ्यावर चढताना थंड होतात आणि बहुतेक बाष्प तेथेच ओततात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. घाट उतरताना तीच हवा तापते, कोरडी होते, आणि भूमच्या परिसरात पोचेपर्यंत वर्षाचा हिशेब सुमारे 700 मिलिमीटरवर येतो. आकाशात ढग असतात, पण ते बरसत नाहीत, ही मराठवाड्यातील शेतकऱ्याची जुनी तक्रार. हवामानशास्त्रज्ञांना तीत एक भौतिकशास्त्रीय प्रश्न दिसला.

त्या प्रश्नाचा माग पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घेतला. 1962 साली स्थापन झालेल्या या संस्थेने 2009पासून विमानांतून ढगांची मोजमापे घेण्याचा ‘कैपीक्स’ हा प्रयोग आरंभला आणि 2012मध्ये महाबळेश्वर येथे उंचावरील मेघभौतिकी प्रयोगशाळा उभारली. धूळ आणि धुराचे कण हवेत फार असले, तर ढगातील पाणी असंख्य बारीक थेंबांत विभागले जाते. असे थेंब एकमेकांना मिळून मोठे होत नाहीत. मग पाऊस सुरू होण्यासाठी ढग अधिक उंच वाढावा लागतो. पर्जन्यछायेतील ढगाला तेवढी उंची गाठणे अनेकदा साधत नाही.

2018 आणि 2019 या वर्षांच्या पावसाळ्यांत या प्रयोगाचा चौथा टप्पा सोलापूर येथे झाला. बालाघाटाच्या दक्षिणेचा हा प्रदेश पर्जन्यछायेचा अस्सल नमुना म्हणून निवडला गेला. ढगात मोठे थेंब तयार व्हावेत म्हणून विमानाच्या पंखांवरील नळकांड्यांतून कॅल्शियम क्लोराइडचे आर्द्रताशोषी कण ढगाच्या तळाशी सोडायचे, ही त्याची पद्धत. कोणत्या ढगात कण सोडायचे आणि कोणता ढग तुलनेसाठी तसाच ठेवायचा, हे यादृच्छिक रीतीने ठरे. त्यानंतर रडार आणि पर्जन्यमापकांवर दोहोंची तुलना होई. प्रयोगात 276 ढग तपासले गेले. वाऱ्याच्या दिशेने असलेल्या सुमारे 100 चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस सरासरी 18 टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष संशोधकांनी मांडला. निवडीची ही शिस्त मला आकड्याहून मोलाची वाटते. दुष्काळात घाईने उडवलेल्या विमानांनंतर पडलेला पाऊस विमानामुळे पडला की आपसूक, हे अशा तुलनेवाचून सांगताच येत नाही. आणि मुळात ढगच नसतील, तर हे शास्त्र हात टेकते.

दुष्काळाबरोबर आता अतिरेकी पाऊसही अभ्यासावा लागतो. याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी 2017मध्ये दाखवून दिले, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावरील अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. याचा संबंध त्यांनी अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांच्या वाढत्या चंचलतेशी जोडला. सप्टेंबर 2025मध्ये भूम-परंडा भागाने त्याचे प्रत्यंतर घेतले. नद्या पात्र सोडून शेतांत शिरल्या आणि परंडा तालुक्यात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. उतारावरच्या बरड, मुरमाड जमिनीत मातीचा थर मुळातच वीतभर. तो एकदा खरवडून गेला, की पुढच्या पिढीच्या हातीही लागत नाही.

राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने पाणलोटाचे तीन भाग मानले आहेत : अपधाव क्षेत्र, पुनर्भरण क्षेत्र आणि साठवण क्षेत्र. माथ्यावर पाणी वाहून जाते, मधल्या उतारावर मुरते आणि सखल भागात साठते. भूमसारख्या तालुक्यात हे तिन्ही भाग शेजारी-शेजारी नांदतात. एकाच गावात खालच्या विहिरीला एप्रिलपर्यंत पाणी असते, तर माळावरची विहीर संक्रांतीलाच तळ गाठते.

अशा भूमीवर जे टिकले, त्यात गवत आणि जनावरे प्रमुख आहेत. पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांचे माळ सरकारी नोंदींत अनेकदा पडीक म्हणून गणले गेले. वस्तुतः ती स्वतंत्र परिसंस्था आहे; लांडगा, खोकड आणि काळवीट यांचे ते हक्काचे घर. काळ्याभोर रंगाची, बहुधा जुळी करडे देणारी उस्मानाबादी शेळी याच चाऱ्यावर पोसली गेली. म्हशीच्या दुधाचे रूपांतर खव्यात करण्याचा उद्योग भूम आणि कुंथलगिरीच्या परिसरात रुजला, त्यामागेही भूगोल आहे : दूध लवकर नासते, खवा लांबच्या बाजारापर्यंत टिकतो. त्यासाठी लाकूड जाळून भट्टी पेटती ठेवावी लागते. झाडे आधीच विरळ असलेल्या प्रदेशाला हा व्यवहार स्वस्त नाही, हेही नोंदवले पाहिजे.

एवढ्यावर सर्वांचे भागत नाही. दिवाळीच्या आगेमागे बालाघाटाच्या पट्ट्यातून ऊसतोड टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. कामावरचा एक खाडा म्हणजे दंड. पर्यावरणाचा प्रश्न येथे आरोग्याचा होतो. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने 2019मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणात 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची, म्हणजे सुमारे 17 टक्के स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत 15 ते 49 या वयोगटासाठी देशभराचे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास होते. दोन्ही आकड्यांचे वयोगट तंतोतंत सारखे नाहीत, तरी ही तफावत केवळ वैद्यकीय कारणांनी उलगडत नाही. पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही, फडात स्वच्छतागृह नाही, जड मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या आणि उचल तर फेडायचीच. उचल घ्यावी लागते, कारण माळावरच्या विहिरीत रब्बीला पाणी नसते.