कंपवातात पाय अडकतात का? चुन्याच्या रेघाही येतील कामी!

गोंदिया : कंपवात म्हणजे केवळ हात थरथरणे नव्हे. दारात, वळणावर पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात आणि रुग्ण तोल जाऊन पडतो.

असे का होते?
मेंदूतील डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी घटतात. त्यामुळे एरवी विचार न करता पडणारी पावले अडखळतात. मात्र डोळ्यांना किंवा कानांना खूण मिळाली, की अनेकांचे पाऊल पुढे पडते.

तंत्रज्ञान काय करते?
लेझर काठी जमिनीवर पुढच्या पावलाची रेघ दाखवते. मेट्रोनोम ठोक्यांचा ताल देतो. पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांच्या नातेवाइकाला सपाट जमिनीवर चालणे कठीण, पण जिना सहज उतरता येई. त्यांनी जमिनीवर जिन्याचे चित्र चिकटवले आणि चाल सुधारली.

देवरी, सालेकसातील घरी काय करावे?
फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवाव्यात. सारवलेल्या अंगणात चुन्याच्या रेघा ओढाव्यात. मेट्रोनोमचे ॲप मोबाइलवर मोफत मिळते. रेघांमधील अंतर आणि तालाचा वेग फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्यावा. पाय अडकल्यास रुग्णाला ओढू नये. थांबू द्यावे, मग रेघ दाखवावी. औषधे मात्र सुरूच ठेवावीत.