घरचे ध्वनिमुद्रण आणि खरे बोलणारा स्पीकर

आजच्या व्याख्यानाचा विषय पाहून काही श्रोत्यांना असे वाटले असेल की, हा विषय व्याख्यानमालेचा नसून विजेच्या सामानाच्या दुकानाचा आहे. त्यांचे अगदीच चुकले असे मी म्हणणार नाही. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या घरांत एक मोठा पालट झाला आहे. पूर्वी ध्वनिमुद्रण म्हटले म्हणजे शहरातला एखादा स्टुडिओ, तेथील जाड दारे आणि तासावर मोजले जाणारे भाडे डोळ्यांपुढे येई. आज गाणे शिकणारी मुलगी, कीर्तनकार, कथाकथन करणारे गृहस्थ किंवा आजीचा आवाज जपून ठेवू पाहणारा नातू, असा कोणीही एक मायक्रोफोन व एक संगणक घेऊन घरच्या खोलीत ध्वनिमुद्रण करू शकतो. मायक्रोफोन कोणता घ्यावा याची चौकशी यांपैकी सर्वजण करतात. टिपलेला आवाज कशावर ऐकावा, याचा विचार मात्र फार थोडे करतात. मीही केला नव्हता, आणि त्याची किंमत मला द्यावी लागली. ती हकीकत आधी सांगतो.

२००८ साली मी माझ्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या घरी मुद्रित केल्या. तिने तेव्हा ऐंशी ओलांडली होती. आवाज थकलेला, पण भरदार होता. ऐकण्यासाठी माझ्यापाशी दिवाणखान्यातले दोन मोठे, दिमाखदार स्पीकर होते आणि सोय म्हणून ते खोलीच्या दोन कोपऱ्यांत बसवलेले होते. त्यांवर आत्याचा आवाज फार घुमे. म्हणून मी इक्वलायझरने आवाजाचा खालचा भाग कापला. पुन्हा ऐकले, पुन्हा कापला. अखेर आवाज स्वच्छ झाला असे समाधान मानले, लहान आकाराच्या फायली करून ठेवल्या आणि जागा वाचावी म्हणून मूळ मुद्रण पुसून टाकले. पुढे दोन वर्षांनी आत्या गेली. वर्षश्राद्धाच्या दिवशी आतेभावाने आपल्या घरी त्या ओव्या लावल्या. थोडा वेळ ऐकून तो म्हणाला, "दादा, ही आई वाटत नाही रे. टेलिफोनवरून कोणी बोलावे तशी वाटते."

दोष आत्याच्या आवाजात नव्हता, मायक्रोफोनमध्येही नव्हता. घुमत होते ते माझे स्पीकर आणि माझे कोपरे. शिक्षा मात्र मी आवाजाला दिली. आज तो कापलेला भाग वाढवू गेलो तर आवाजाबरोबर खरखरच वर येते.

आता मुख्य विषयाकडे वळू. दिवाणखान्यातला स्पीकर आणि ध्वनिमुद्रणासाठी वापरतात तो 'मॉनिटर' स्पीकर, यांत फरक काय? दिवाणखान्यातला स्पीकर हा अगत्यशील यजमानासारखा असतो. पाहुण्याला बरे वाटावे म्हणून तो खर्ज थोडा वाढवतो, वरच्या स्वरांना थोडी चकाकी देतो. त्यात गैर काही नाही. ऐकून सुख व्हावे यासाठीच तो घेतलेला असतो. मॉनिटर हा सोनाराच्या काट्यासारखा असावा लागतो. काट्याने दागिना सुंदर आहे की नाही हे सांगायचे नसते. वजन किती ते सांगायचे असते. मनुष्याच्या कानाला दर सेकंदाला साधारण २० पासून २०,००० पर्यंतची कंपने ऐकू येतात. या सर्व पट्ट्यात जेथे जेवढा आवाज आला तेथे तेवढाच बाहेर देणे, हे मॉनिटरचे काम.

या बाबतीत यामाहा कंपनीच्या एनएस-१० या स्पीकरची कथा बोधप्रद आहे. १९७८ साली हा स्पीकर घरगुती वापरासाठी म्हणून बाजारात आला आणि घरगुती गिऱ्हाइकांना तो फारसा रुचला नाही. त्याचा खर्ज तोकडा, मधला भाग पुढे आलेला आणि वरचे स्वर टोचणारे. कित्येक तंत्रज्ञ तर त्याच्या ट्वीटरवर, म्हणजे वरचे स्वर देणाऱ्या लहान पडद्यावर, पातळ कागद चिकटवीत. तरीही ऐंशीच्या दशकात पाश्चात्त्य देशांतील असंख्य स्टुडिओंत त्याचे पांढरे पडदे दिसू लागले. कारण असे की, मनुष्याचा आवाज आणि बहुतेक वाद्यांचा जीव ज्या मधल्या पट्ट्यात असतो, तेथील प्रत्येक चूक तो उघडी पाडी. आणि त्याची पेटी बंद असल्यामुळे खर्जाचा नाद रेंगाळत नसे. त्यावर जमलेले मुद्रण दुसरीकडेही चांगले वाजे, असा तंत्रज्ञांचा अनुभव होता. २००१ साली त्याचे उत्पादन थांबले. हा स्पीकर अगदी सपाट, निर्दोष होता असे नव्हे. तथापि गोड बोलणाऱ्या स्पीकरपेक्षा दोष दाखवणारा स्पीकर कामाला अधिक उपयोगी पडतो, हे त्याने दाखवून दिले.

मग चांगला मॉनिटर आणला की काम झाले काय? नाही. 'नाचता येईना अंगण वाकडे' अशी आपल्याकडे म्हण आहे. ध्वनिमुद्रणात मात्र अंगण खरोखरच वाकडे असते. आपण स्पीकर ऐकतो असे म्हणतो, पण प्रत्यक्षात स्पीकर आणि खोली मिळून ऐकत असतो.

हे समजण्यासाठी थोडे गणित करू. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. दर सेकंदाला १०,००० कंपने असलेल्या स्वराची लहर सव्वा-दीड इंचाची. ५० कंपने असलेल्या स्वराची लहर जवळजवळ ७ मीटरची, म्हणजे साडेबावीस फुटांची. एवढी लांब लहर आपल्या खोलीत मावतच नाही. ती भिंतीवर आपटून परत फिरते आणि येणाऱ्या लहरीत मिसळते. समोरासमोरच्या दोन भिंतींतील अंतर जर लहरीच्या बरोबर निम्मे भरले, तर तो स्वर भिंतीशी घुमतो आणि खोलीच्या मधोमध क्षीण होतो. आता ८ फूट रुंदीची खोली घ्या. तिचा असा स्वर येतो सुमारे ७० कंपनांचा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज असतो सुमारे १३९ कंपनांचा, आणि त्याच्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा स्वर सुमारे ६९ कंपनांचा! म्हणजे त्या खोलीत भिंतीशी बसलेल्याला खर्ज उदंड वाटेल, मधोमध बसलेल्याला तो कोठे गेला कळणार नाही. तंबोरा तोच आहे, बदलली ती बसण्याची जागा.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो: खोलीच्या मानाने स्पीकर घ्यावा. १० बाय १२ च्या खोलीत ८ इंची वूफरचा मॉनिटर आणला, तर तो जो खर्ज देईल त्याचा खोली गोंधळ करून टाकील. अशा खोलीला ५ इंचांचा मॉनिटर बहुधा पुरतो. त्यावर अगदी खालचे स्वर थोडे कमी ऐकू येतील. पण कमी ऐकू येणे हे खोटे ऐकू येण्यापेक्षा बरे. खालचा भाग चांगल्या हेडफोनवर तपासून घेता येतो.

दुसरा नियम जागेचा. दोन स्पीकर आणि आपले डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा. लहान खोलीत त्याची बाजू तीन ते चार फूट ठेवावी. जवळ बसल्याने स्पीकरचा आवाज थेट कानावर येतो आणि भिंतींचे म्हणणे त्यामानाने कमी ऐकू येते. ट्वीटर कानाच्या उंचीवर असावा. डावी-उजवी भिंत सारख्या अंतरावर असावी, आणि तोंड खोलीच्या लांबीच्या दिशेने असावे. लांबीच्या अगदी मधोमध बसू नये. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसून पाहावे आणि तेथून कानाने ठरवीत पुढेमागे सरकावे. कोपरा तर टाळावाच. भिंतीजवळ खर्ज वाढतो, कोपऱ्यात तो आणखी वाढतो. माझ्या आत्याच्या ओव्यांचा घात तेथेच झाला.

पाठीमागच्या भिंतीचेही असेच एक गणित आहे. स्पीकर भिंतीपासून ८५ सेंटिमीटरांवर असेल, तर भिंतीवरून परतलेली लहर १०० कंपनांच्या स्वराला उलटी भेटते आणि तो स्वर खाऊन टाकते. अंतर कमी केले की हा खड्डा वरच्या स्वरांकडे सरकतो, आणि तेथे जाड शोषक वस्तू त्याला आवरू शकते. त्यामुळे वाढलेला खर्ज उतरवण्यासाठी पुष्कळ मॉनिटरच्या पाठीशी बटन असते. घेताना ते आहे की नाही हे पाहावे. पेटीला पाठीमागे हवेचे तोंड असेल, तर ते भिंतीला चिकटवू नये.

खोली सुधारण्याविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. भिंतीला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले की स्टुडिओ झाला, असे पुष्कळांना वाटते. सात मीटरांची लहर त्या ट्रेची दखलही घेत नाही. वरचे स्वर थोडेफार विस्कटतात, एवढेच. खर्ज आवरायला जाडी लागते. कोपऱ्यांत कापडात बांधलेल्या काचलोकरीच्या चार ते सहा इंची जाड लाद्या उभ्या कराव्यात. ते न जमेल तर पुस्तकांनी भरलेले कपाट, कापसाच्या गाद्या, जाड गोधड्या यांचाही काही उपयोग होतो. महागड्या मॉनिटरसाठी ठेवलेल्या पैशांतून थोडे काढून ते या कामी लावले, तर ते सत्कारणी लागतील.

आता दुकानात काय पाहावे ते सांगतो. आजचे बहुतेक लहान मॉनिटर स्वतःच्या पोटातच ॲम्प्लिफायर बाळगतात. नवशिक्याने तसेच घ्यावेत, म्हणजे जोडी जमवण्याचा घोर राहत नाही. तीन टोकांच्या बॅलन्स्ड तारेची सोय असावी. घरच्या वायरिंगमधील गुणगुण त्यामुळे पुष्कळ कमी होते. पत्रकावर 'इतक्यापासून इतक्या हर्ट्झपर्यंत' असे छापलेले असते. त्यापुढे 'अधिक-उणे ३ डेसिबल' असा खुलासा आहे काय ते पाहावे. खुलासा नसेल तर त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. त्या टोकाला आवाज किती उरला हे त्यात सांगितलेलेच नसते.

तुलना करताना दोन्ही स्पीकरचा आवाज सारखा मोठा ठेवावा. मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. याचे एक कारण फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३३ साली मोजून दाखवले: आवाज लहान असला की आपल्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो, मोठा केला की तो भरून येतो. म्हणून काम करतानाही आवाजाची एकच मध्यम पातळी ठरवून तिला चिकटून राहावे. कान टिकतात आणि शेजाऱ्यांशी संबंधही टिकतात.

परीक्षेसाठी बरोबर आपल्याला पाठ असलेली चार मुद्रणे न्यावीत. एक, ओळखीच्या माणसाचे साधे बोलणे. त्यात नाकातला किंवा मडक्यातला सूर लगेच पकडता येतो. दुसरे, एकट्या तंबोऱ्याचे. तिसरे, तबल्याचे, डग्ग्याची घीस खालीवर जाताना कोठे एकदम फुगते, कोठे लोपते ते ऐकावे. चौथे, दोन्ही बाजूंना सारखाच आवाज असलेले गायन. ते दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, जणू तेथे माणूस बसला आहे असे ऐकू आले पाहिजे. शक्य असल्यास परत करण्याच्या बोलीने स्पीकर घरी आणावेत. दुकानातली खोली दुकानदाराची असते. आपल्याला काम करायचे असते आपल्या खोलीत.

आणि अखेरची परीक्षा घराबाहेर घ्यावी. तयार मुद्रण मोटारीत, शेजाऱ्याच्या रेडिओवर, हातातल्या फोनवर ऐकावे. फोनच्या चिमुकल्या पडद्यातून ६९ कंपने निघत नाहीत. तरीही वरच्या उपस्वरांवरून मेंदू खर्ज ओळखतो. ते उपस्वर आपण कापले नसतील, तर फोनवरही तंबोरा तंबोराच वाटेल. सर्व ठिकाणी आवाज ओळखीचा वाटला म्हणजे मॉनिटरने आपले काम केले असे समजावे. वाटला नाही, तर काय चुकले ते शोधावे. परंतु शोधण्यासाठी मूळ मुद्रण जवळ असावे लागते. ते कधीही पुसू नये, त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, आणि कापाकापी करायची ती नकलेवर.

आपल्या घरांत अजूनही असे आवाज आहेत, जे पुन्हा मिळणार नाहीत. ते टिपण्याची साधने आता आपल्या हातांत आली आहेत. ते टिपताना आपण जे ऐकतो ते माणसाचे आहे की कोपऱ्याचे, एवढे ओळखण्याची तजवीज आधी करा, अशी माझी आपणांस विनंती आहे.